पक्क्या प्रतीतला मंगळवार

घरी मी कॉम्प्युटर शिकत होते. म्हणजे घरच्यांच्या समजुतीप्रमाणे. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि बडोद्यात आमच्या नागरवाड्यातल्या घराघरांतून कोणी ना कोणी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतं. त्यामुळे एकतीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या शिक्षिकेने दर शनिवारी दुपारी मोपेड काढून अकोट्याला जावं यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. उलट बाबा खूश होते. चौथ्या शनिवारी त्यांनी अमेरिकेतल्या भाच्याला लिहिलेलं पत्र माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "टाईप करून आण, बघू तरी काय शिकलीस." मी ते लहरीपुऱ्यातल्या एका टायपिंगवाल्याकडून करून आणलं. बाबांनी ते शेजारच्या तीन घरांत दाखवलं.

अकोट्यात मी जायचे ती एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत. तिथे एक मॅडम आम्हा पाच जणींचा ग्रूप घेत. पोट फुटेस्तोवर खाणाऱ्या आणि मग ते सगळं बाहेर काढून टाकणाऱ्या बायकांचा ग्रूप. बुलिमिया हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. चौदा वर्षं आपण जे करतोय त्याला नाव आहे हे कळल्यावर मला आधी रागच आला. माझं इतकं खासगी गुपित कुणाच्या तरी पुस्तकात धड्यासारखं छापलेलं असावं, हे मला सहन होईना.

तिथे मला पाठवलं दातांच्या डॉक्टरांनी. वयस्कर गुजराती गृहस्थ होते. दातांची पार चाळण झाली म्हणून गेले, तर त्यांनी आरशाने मागून दात बघितले, बराच वेळ बघितले आणि नर्सला बाहेर पाठवून हळूच विचारलं, "बेन, उलटी थाय छे के करो छो?" होते की करता. चौदा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तोंड उघडं ठेवून रडले, कारण तोंडात कापसाचे बोळे होते. त्यांनी एका चिठ्ठीवर मॅडमचा पत्ता लिहून दिला आणि त्या दिवसाची फी घेतली नाही.

घरी याला पित्त म्हणत. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, आणि मोरी-संडास स्वयंपाकघराला लागून. तिथे काय चाललंय ते न कळायला माणूस बहिराच हवा, आणि आमच्या घरात बहिरं कुणी नव्हतं. पण आईने एकदा ठरवून टाकलं की ही पित्ताची प्रकृती. तिच्या आत्येलाही असंच होतं म्हणे. मग मोरावळा आला, कोकम आलं, सूतशेखरच्या गोळ्या आल्या. पाहुण्यांसमोर आई सांगायची, "हिला ना, काही पचतच नाही हो." आणि वर, "उपासतापास मात्र एक चुकवत नाही." सोमवार, मंगळवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, मी इतके उपास धरले होते की देवांनाही माझा हिशेब लागला नसता. लोक म्हणत, आजकालच्या मुलींत इतकी श्रद्धा बघायला मिळत नाही. मला श्रद्धाबिद्धा काही नव्हती. ताट नाकारायला आपल्याकडे दुसरं सभ्य कारणच नसतं, एवढंच.

पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर एक गोल काढला. खाणं कमी करायचं, मग भूक, मग ताबा सुटून खाणं, मग ते काढून टाकणं, मग शरम, आणि शरमेतून पुन्हा खाणं कमी करायचं. सगळीकडून बाण. मी वर्गात पाण्याचं चक्र शिकवते, बेडकाचं शिकवते. पण आपण स्वतः एखाद्या चक्रात फळ्यावर बसलेलो आहोत हे पहिल्यांदाच बघत होते. मॅडम गुजराती, हिंदी, इंग्रजी असं मिसळून बोलत. त्यांचं म्हणणं सोपं होतं. या चक्राला दार एकाच ठिकाणी आहे. उपाशी राहायचं नाही. दर तीन-चार तासांनी खायचं, भूक असो नसो, उपास असो नसो. आणि जे खाल्लं ते त्याच क्षणी लिहायचं.

लिहायला एक तक्ता होता. वेळ, जागा, काय खाल्लं. ताबा सुटला असं वाटलं तर फुली. काढून टाकलं तर फुलीला गोल. आणि शेवटचा रकाना, त्या वेळी मनात काय होतं. दर शनिवारी तो सगळ्यांसमोर वाचायचा. बारा शनिवार, की ग्रूप संपला.

आमच्यातल्या दोघी जणी फारसं बोलत नसत. तिसऱ्या होत्या रिफायनरीच्या कॉलनीत राहणाऱ्या एक मराठी बाई, पन्नाशीच्या, फटकळ. बडोद्यात दोन मराठी बायका भेटल्या की पाच मिनिटांत नातं निघतं, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "आडनाव सांगू नका, माहेर सांगू नका. मी तुम्हाला ओळखत नाही नि तुम्ही मला." आणि चौथी कॉलेजातली एक गुजराती मुलगी, एकोणीस वर्षांची, कायम दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. ही गोष्ट खरं म्हणजे तिची आणि माझी आहे.

आता माझी चूक सांगते. ती चूक दुसऱ्या कुठल्या घरात वाढलेल्या बाईने केली नसती. माझे आजोबा संस्थानच्या कचेरीत नक्कल करायला होते. साहेबांच्या खर्ड्याची पक्की प्रत काढणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ते गेले, संस्थान गेलं, पण घरात नियम राहिला: कच्चं काही उंबऱ्याबाहेर जायचं नाही. आत्याला साधं पोस्टकार्ड पाठवायचं तरी बाबा आधी पाठकोऱ्या कागदावर खर्डा करायचे, मग पक्कं. मी शाळेत निबंध दोनदा लिहायचे. खाडाखोड केलेला कागद परक्या माणसापुढे ठेवणं म्हणजे आमच्याकडे परकर नेसून दारात उभं राहण्यासारखं होतं.

तेव्हा मी पर्समध्ये एक छोटी वही ठेवली. तिच्यात जे व्हायचं ते जसंच्या तसं, पेन्सिलीने, गचाळ अक्षरात लिहायचे. आणि शुक्रवारी संध्याकाळी पट्टी घेऊन बसायचे आणि मॅडमच्या तक्त्यावर सुवाच्य प्रत काढायचे. आईला वाटायचं कॉम्प्युटरचा गृहपाठ. पहिल्या शुक्रवारी खरंच फक्त अक्षर सुधारायचा विचार होता. पण बुधवारच्या ओळीशी आले. कच्च्या वहीत त्या एका ओळीत इतकं काही होतं की ते रकान्यात मावेना. मी ते थोडक्यात लिहिलं. थोडक्यात लिहिताना फुली राहून गेली. मग वाटलं, बुधवारी फुली नाही तर गुरुवारीच का? नक्कल करताना हात आपोआप सुधारत जातो. साहेबांची भाषा चुकली तर आजोबाही न विचारता नीट करत असत, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक होई.

माझंही झालं. पहिल्या तक्त्यात दोनच फुल्या होत्या, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात एकही नाही. मॅडमनी कागद उचलून सगळ्यांना दाखवला. "बघा, वेळा बघा. आठ, अकरा, दीड, साडेचार, साडेआठ. आणि मंगळवार बघा." मंगळवारी मी लिहिलं होतं: साडेचार, शाळेत, स्टाफरूम, एक कचोरी, सगळ्यांसमोर बसून. मनात काय होतं: भीती वाटली, मग कमी झाली.

मंगळवारी खरं काय झालं ते कच्च्या वहीत होतं. एका सहशिक्षिकेने कचोऱ्या आणल्या होत्या, तिच्या मुलाला नोकरी लागली म्हणून. मी "आज मंगळवार ना, उपास," म्हटलं. ती म्हणाली, "धन्य आहे बाई तुझी." शाळा सुटल्यावर मी लहरीपुऱ्यात थांबले आणि तीन वेगवेगळ्या दुकानांतून फरसाण घेतलं, म्हणजे कुठल्याच दुकानदाराला काही वाटू नये. घरी आई-बाबा देवळात गेले होते. पुढे फुली, फुलीला गोल, आणि शेवटच्या रकान्यात फक्त एक शब्द, पेन्सिल मोडेपर्यंत दाबून लिहिलेला. तो मी इथेही लिहिणार नाही.

मॅडमनी विचारलं, "मी याच्या झेरॉक्स काढू का? नाव खोडते." सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आमच्या खोलीत तोवर चांगली बातमी कधी आलीच नव्हती. मी हो म्हटलं. पुढच्या शनिवारी माझा तो खोटा आठवडा चौघींच्या हातात होता. अक्षर सुंदर आलं होतं.

तिथून पुढे मी अडकले. आधी मी आजारी होते. आता मी आजारी आणि बरी अशी दोन्ही होते, आणि बरी असण्याचं काम जास्त कष्टाचं होतं. सोमवार ते गुरुवार जे व्हायचं ते होत होतं, पूर्वीपेक्षा जास्तच, कारण आता त्यात खोटेपणाची शरम मिळाली होती. शुक्रवारी मी बसून एका शहाण्या, मापात खाणाऱ्या बाईचा आठवडा रचायचे. तिचा मला हेवा वाटायचा. ती रविवारी घरच्यांबरोबर वाटीभर श्रीखंड खायची आणि दुपारी झोपायची. मी कित्येकदा ठरवलं की या शनिवारी कच्ची वही वाचून दाखवायची. वही पर्समध्येच असायची. पर्स मांडीवर असायची. पण दर शनिवारी आणखी एक पक्का कागद त्या ढिगावर पडायचा आणि खालचा ओढून काढणं आणखी अवघड व्हायचं.

एकदा अगदी तोंडाशी आलं. सातवा शनिवार असेल. मॅडम विचार तपासायला शिकवत होत्या. मनात आलेला विचार कागदावर मांडायचा, त्याच्या बाजूचा पुरावा एका अंगाला, विरुद्ध पुरावा दुसऱ्या अंगाला. मी लिहिलं, "मी खोटारडी आहे." मॅडम म्हणाल्या, "असं वाटतं खरं आपल्याला. आता पुरावा शोधा." माझ्या मांडीवर दोनशे पानी पुरावा होता. मी पर्सची चेन उघडली. तेवढ्यात रिफायनरीच्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही खोटारड्या? तुमच्यामुळे मी येतेय इथे. नाहीतर दुसऱ्या आठवड्यातच सोडणार होते. म्हटलं, नागरवाड्यातली एक मास्तरीण करू शकते तर मी का नाही?" नागरवाडा त्यांना कसा कळला कोण जाणे. मी चेन लावली. विरुद्ध पुराव्याच्या रकान्यात मॅडमनी स्वतःच्या हाताने माझ्या फुलीशिवायच्या आठवड्यांची यादी लिहिली.

ती मुलगी मात्र खचत चालली होती. तिच्या तक्त्यावर फुल्याच फुल्या असायच्या आणि ती त्या खाली मान घालून, एक न गाळता वाचायची. आठव्या शनिवारी सुटल्यावर जिन्यात तिने मला गाठलं. "बेन, तमे मंगळवारे कचोरी केवी रीते खाधी? बद्धानी सामे?"

कशी खाल्लीत, सगळ्यांसमोर. मी तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण समोर कुणी विद्यार्थ्यासारखं उभं राहिलं की माझ्या तोंडून उत्तर निघतंच. वीस वर्षं पुढे नोकरीतही निघत राहिलं. मी म्हटलं, टेबलाशी बसून खा. उभ्याने नको. अर्ध्यात थांबू नको, एकच घे पण पूर्ण खा. खाल्ल्यावर अर्धा तास कुणाच्या तरी सोबत राहा, एकटी घरी जाऊ नको. हे सगळं मॅडमचंच होतं, माझं काही नव्हतं. ती मान डोलवत होती. शेवटी म्हणाली, "एटले डर तो लागशे ज." भीती तर वाटणारच. मी म्हटलं, "हो, पण कमी होते." हे सांगताना माझा चेहरा इतका शांत होता की मोपेडच्या आरशात दिसल्यावर मलाच त्याची किळस आली. घरी पोहोचेपर्यंत मी दोन दुकानांत थांबले.

नवव्या शनिवारी ती आलीच नाही. वाटलं, संपलं. माझ्या त्या सुंदर अक्षरातल्या आठवड्याने तिला पटवून दिलं असणार की सगळ्यांना जमतं, आपल्यालाच जमत नाही. आणि अशा पटलेल्या मुली पुढे काय करतात याच्या कल्पना मला चांगल्या येत होत्या, कारण त्या मी स्वतःसाठी करून ठेवल्या होत्या. तिच्या घरचा पत्ता माहीत नव्हता, आडनाव तर नाहीच. तो आठवडा मी शाळेत मुलांवर विनाकारण ओरडले. आईने मोरावळ्याची नवी बरणी उघडली.

दहाव्या शनिवारी ती आली. परीक्षा होती म्हणाली. तक्त्यात तीन फुल्या. अकराव्याला एक. मला इतकं हायसं वाटलं की हे कशामुळे झालं हा प्रश्नच पडला नाही.

बारावा शनिवार शेवटचा. सगळ्या जरा बऱ्या साड्या नेसून आल्या होत्या, निरोपसमारंभ असल्यासारख्या. मॅडमनी एकेकीला तक्ता वाचायला सांगितला. त्या मुलीने वाचायला सुरुवात केली. "आठ वाजता, घरी, दोन पोळ्या, दूध. अकरा वाजता, कॉलेज, एक केळं." मी कौतुकाने ऐकत होते. "मंगळवार, साडेचार, कॅंटीन, एक कचोरी, मैत्रिणींसमोर." माझ्या कानशिलांतून ऊन वाफ निघाली. "रविवार, दीड, घरी, एक वाटी श्रीखंड, मग झोप." तो माझा आठवडा होता. वेळ न वेळ, वाटी न वाटी. फुली एकही नव्हती. पण ती खोटं वाचत नव्हती हे मला लगेच कळलं; खोटं वाचणारीचा आवाज कसा लागतो ते मला माहीत होतं, तो इतका अडखळत नाही. तिने ती झेरॉक्स कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. आज काय खायचं हे ती सकाळी त्यात बघायची आणि तेच खायची. "बेनने जमलं म्हणून," ती म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला आनंद झाला नाही, हे कबूल करते. मला तिचा मत्सर वाटला, सख्ख्या बहिणीचा वाटावा तसा. मी रचलेल्या त्या शहाण्या बाईच्या घरात ती राहायला गेली होती, आणि मी बाहेर होते.

मग मॅडमनी सगळ्यांदेखत मला विचारलं. दिवाळीनंतर नवा ग्रूप सुरू होणार होता. "तुम्ही मदतीला याल? बरं झालेलं माणूस समोर असलं की नव्या बायकांना धीर येतो." रिफायनरीच्या बाई म्हणाल्या, "याल हो, त्यांना काय!" मला दिसत होतं, आत्ता हो म्हटलं की झालं. आजारी असण्याचा माझा हक्कच संपणार. बरं झालेलं माणूस पुन्हा कुठल्या दाराशी जाऊन म्हणणार की मला बरं करा? दर शनिवारी मी त्या खुर्चीत शांत चेहऱ्याने बसणार आणि दर शनिवारी घरी जाताना दोन दुकानांत थांबणार, दात पडेपर्यंत किंवा त्याच्याही पुढे. हे सगळं एका क्षणात दिसलं. आणि मी हो म्हटलं.

खाली मोपेडला किल्ली लावत होते तर ती मुलगी धावत आली. हातात ती झेरॉक्स. कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे, मधे तेलाचा डाग. तिने पेन पुढे केलं. "सही करी आपो ने, बेन." तिला त्या कागदावर माझी सही हवी होती. जपून ठेवणार होती.

मी पेन घेतलं. कागद मोपेडच्या सीटवर ठेवला. सही करणं काही अवघड नव्हतं. बारा आठवडे मी दुसरं काय केलं होतं? पण हात हलेना. पक्क्या प्रतीखाली सही करायची म्हणजे हे मुळाबरहुकूम आहे असं सांगायचं, एवढं आजोबांच्या घरात आम्हा पोरांनाही कळत होतं. मी पेन तिला परत दिलं.

"हे मी खाल्लेलं नाही," मी म्हटलं. आधी मराठीत म्हटलं, मग गुजरातीत.

तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मी हे लिहिलं, खाल्लं नाही. त्या आठवड्यात मी रोज तेच केलं जे चौदा वर्षं करतेय. कालही केलं.

ती कागदाकडे बघत राहिली. मग बोट ठेवत ठेवत विचारू लागली, अगदी हळू. "मंगळवारनी कचोरी पण नहीं?"

"नाही."

"रविवारनुं श्रीखंड?"

"नाही."

"केळुं?"

"केळं एक दिवस. गुरुवारी. पण ते पोटात राहिलं नाही."

ती रडेल असं वाटलं, किंवा तोंडावर कागद फेकेल. मी दोन्हीला तयार होते. खरं तर मला तेच हवं होतं. तिने कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली. कॅंटीनमध्ये ती पहिली कचोरी तिने रडत रडत खाल्ली होती, मैत्रिणी विचारत होत्या काय झालं म्हणून, हे तिने मला तेव्हा सांगितलं. मग एकदम वर बघून म्हणाली, "पण में तो खाधी ने."

पण मी तर खाल्ली ना. ते मी रचलं होतं, आणि कुणीतरी ते खाल्लं होतं, आणि खाऊन जिवंत उभं होतं.

"उपर जाव, बेन," ती म्हणाली. "मॅडम हजी बेठां छे." अजून बसल्यात.

मी म्हटलं, आज नको, मी फोन करीन. तिने माझ्या मोपेडची किल्ली काढून घेतली. एकोणीस वर्षांची मुलगी, तीन महिन्यांत जी वर मान करून एक वाक्य बोलली नव्हती, ती किल्ली मुठीत धरून उभी राहिली आणि म्हणाली की ती इथेच थांबते.

मी वर गेले. मॅडम फळा पुसत होत्या. मी पर्समधून कच्ची वही काढून टेबलावर ठेवली आणि ती काय आहे ते सांगितलं. त्यांनी ती उघडली, दोन पानं बघितली आणि बंद करून माझ्याकडे सरकवली. त्या चिडल्या होत्या. लपवलं नाही त्यांनी. "मी तुमच्या झेरॉक्स वाटल्या," म्हणाल्या, "माझंही चुकलं." मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "वाचा. पहिल्या पानापासून."

मी वाचलं. माझंच अक्षर मला लागत नव्हतं. पहिल्या बुधवारशी मी अडले, तेव्हा त्यांनी पाणी दिलं आणि थांबल्या. तो मंगळवारचा शब्दही मी वाचला. खोलीत दोघीच होतो तरी तो उच्चारायला मला फार वेळ लागला. अर्धी वही झाल्यावर त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, दिवाळीनंतरच्या ग्रूपमध्ये या, पण मदतीला नाही. आणि तोपर्यंत दर बुधवारी या, ही वही घेऊन, हीच.

खाली आले तेव्हा ती मोपेडवर आडवी बसून पाय हलवत होती. "शुं कीधुं?" काय म्हणाल्या?

"दिवाळीनंतर परत. पहिल्यापासून."

"पहेलेथी?" तिने तोंड वाकडं केलं. मग घड्याळ बघितलं आणि चपापली. "साडा चार तो क्यारना वागी गया!" साडेचारचं खाणं तिचं चुकलं होतं, माझ्यापायी. पाच वाजून गेले होते. तिने पिशवीतून स्टीलची डबी काढली. आत दोन भाखरवड्या होत्या. शनिवार, साडेचार, दोन भाखरवड्या. हेही माझंच लिहिलेलं. तिने एक स्वतः घेतली आणि डबी माझ्यापुढे धरली.

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी म्हटलं, "तुझं कमी होईल." तिचा हात तसाच पुढे. मी मोपेडच्या सीटवर तिच्या शेजारी बसले आणि खाल्ली. एकच, पण पूर्ण. तिळाचे दाणे साडीवर सांडले. ती माझ्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत सावकाश चावत होती. खाऊन झाल्यावरही तिने किल्ली दिली नाही. अर्धा तास आम्ही तिथेच बसलो, रिक्षा मोजत.

दुसऱ्या दिवशी जे खाल्लं ते राहिलं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीचंही नाही. त्या हिवाळ्यात फार थोडं राहिलं. पण ती एक भाखरवडी राहिली.